भुयारी विकला गेला त्या रविवारी

बातमी हेमराज बच्छावनं आणली,
नाशिकरोडच्या प्रेसमधून, रात्रपाळी करून थेट.
डोळे लाल, बोटांना शाईचा वास.
"रातकिडा विकलं," म्हणाला,
"हसतखेळत कंपनीनं घेतलं. सगळं."

मिसळ आली होती. पाव कुणी मोडला नाही.

हसतखेळत म्हणजे ती,
जिचा पिवळ्या टोपीचा ससा
मुंबई नाक्याच्या फलकावरून
येणाऱ्याजाणाऱ्याला डोळा मारतो.
जिच्या पाण्याच्या बागेत आजोबांना अर्धं तिकीट,
आणि जिच्या गोष्टींत कुणी मरत नाही,
फार तर गावाला जातं.

आणि भुयारी म्हणजे आमचा तो,
सराफ बाजाराखालच्या नाल्यात राहणारा
एका डोळ्याचा झारेकरी.
गटारातली माती घमेल्यात हलवून
सोन्याचा कण काढायचा,
आणि मातीत कुणाचं पाप सापडलं
तर रात्री त्याच्याच दारात नेऊन ठेवायचा.
बिडी ओढायचा.
एकेचाळीस अंकांत एकदाही हसला नाही.

"आता हसवतील," शाहीन म्हणाली. "दात घासून हसवतील."
"बिडीच्या जागी लॉलीपॉप."
"दुसरा डोळा बसवतील. निळा."
"घमेल्यात ससा."
आम्ही हसलो,
आणि हसलो याचाच राग आला.

देवरे वकील. त्यानं कुठूनसं कळलेलं सांगितलं:
नाव गेलं, घमेलं गेलं, फुटका डोळा गेला,
आवाजसुद्धा गेले,
'खळ्ळ', 'धप्प', आणि नाल्यातलं ते 'डुबुक'.
"मग माझ्या घरी पातेलं पडलं
तर परवानगी कुणाची काढू?" मी विचारलं.
देवरेला यात विनोद दिसला नाही.

"किती कोटींना?"
नोटांचे ताव मोजण्यात ज्याचा जन्म चाललाय
तो बच्छाव म्हणाला, "आकडा वाचला, राहिला नाही डोक्यात.
पन्नास पैसे तेवढे आठवतात.
दिवसाचे. गांगुर्डेकाकांकडे."

सायकलचं दुकान. दोरीवर वाळत घातल्यासारखे अंक,
पानापानावर ग्रीसचा अंगठा.
काका आधी स्वतः वाचायचे,
आणि बाई पाठमोरी अंघोळ करते तिथे
पंक्चरचं रबर चिकटवायचे,
सोल्युशन लावून, फुंकर मारून.
खुनाच्या चौकटीवरही एक ठिगळ.
तर हे काय पहिल्यांदाच होतंय का,
असं मी म्हणालो,
आणि तिघं माझ्याकडे फितुराकडे बघावं तसं बघत राहिले.

"काकांचं वेगळं," शाहीन म्हणाली.
"ठिगळाखाली चित्र असायचं.
नखानं उचकटता यायचं."

मग विषय एकेचाळिसाव्या अंकावर आला.
दुकानात एकच प्रत होती, आणि तिचं शेवटचं पान फाटलेलं.
बच्छावच्या मते भुयारी पुरात वाहून गेला,
त्या वर्षी गोदेला पाणीही तसंच होतं.
देवरेच्या मते पकडला गेला, जामीन झाला नाही.
मी आजवर मुलांना सांगत आलोय
की त्यानं घमेलं काठावर ठेवलं
आणि बिडी विझवून तो चालू लागला.

शाहीन चष्मा पुसत होती.
भद्रकालीत तिचं चष्म्याचंच दुकान,
तरी हिच्या काचा कायम धुरकट.
"पान मी फाडलं होतं," ती म्हणाली. "सहावीत."

चौतीस वर्षं.
"काय होतं त्यावर?" तिघांनी एकदम विचारलं.
"कंपनीला विचारा की,
सगळं घेतलंय ना त्यांनी,"
असं म्हणून तिनं आणखी रस्सा मागवला, काळा.

परतताना मी उगाच सराफ बाजारातून गेलो.
शटरं खाली. रविवारची सामसूम.
एका बंद पेढीच्या पायरीशी एक माणूस उकिडवा,
मऊ ब्रशनं फरशीच्या फटीतली धूळ
सावकाश घमेल्यात ओढत होता.
मी थांबलो.
त्यानं वर पाहिलं. डोळे दोन्ही शाबूत.
"काही हरवलंय का?" त्यानं विचारलं.